दुसऱ्या फ्लॉपीवरची तापी

दिवाळी सरली की आमच्याकडे बाभळींना कापूस लागतो. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. जिनिंग कारखान्याकडे कापूस घेऊन निघालेल्या गाड्या इतक्या फुगवून भरलेल्या असतात की रस्त्याकडेच्या फांद्यांना घासत जातात, आणि प्रत्येक काटा आपल्या वाट्याचा एक पुंजका ठेवून घेतो. एरंडोलपासून धुळ्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या बाभळी. थंडी अजून आलेली नसते, पण उन्हातली धग गेलेली असते. चार वाजताच सावल्या लांब होतात. या दिवसांत मला करमत नाही. वर्गात शिकवते, घरी येते, भाजी निवडते, पण कुठेतरी कुणाला काहीतरी विचारायचं राहून गेलंय असं वाटत राहतं.

गेल्या आठवड्यात आमच्या विभागातला संगणक बिघडला. प्रयोगशाळा सहायक आले, त्यांनी बराच वेळ खटपट केली आणि म्हणाले, "मॅडम, सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल. बॅकअप घेतलाय ना?"

"घेतलाय."

"कुठे?"

"तीन ठिकाणी," मी म्हणाले. ते हसले. भूगोलाच्या नोट्स त्या काय, आणि त्या तीन ठिकाणी ठेवायच्या! मीही हसले. पण ते निघून गेल्यावर तो रिकामा निळा पडदा पाहत बसले, तेव्हा दुसराच एक पडदा आठवला. शहाण्णवच्या नोव्हेंबरातला.

तेव्हा मी धुळ्यात राहत होते. गल्ली नंबर चारमध्ये एका घराच्या माडीवर एक खोली होती. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचे, म्हणजे शिकवलं त्या तासाचं मानधन, सुट्टी लागली की आपणही सुटलो. नोकरी कायम व्हायची तर प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास व्हायला हवी होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझे वडील, आबा, भडगाव तालुक्यातल्या आमच्या गावी शाळेत शिपाई होते. गावी गेले की ते एकच विचारायचे, "आते कवय परीक्षा?" परीक्षा कधी, बाकी काही नाही.

त्या खोलीत मी एकटी नव्हते. म्हणजे आधी नव्हते. शैला महाजन आणि मी, दोघी मिळून राहायचो. शैला एरंडोलची. एम. ए.ला आम्ही एका बाकावर होतो, मग एकाच कॉलेजात तासिकांवर लागलो, मग एकाच खोलीत. एक स्टोव्ह, एक आरसा, एक छत्री. ती उंच, चालताना हात हलवणारी, आणि गप्प बसणं हा प्रकारच तिला ठाऊक नव्हता. मी मुळातली घुमी. दोघींचं मिळून एक बरं माणूस व्हायचं.

खाली घरमालक नानांचं दुकान होतं. नाना एका छापखान्यात चाळीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होते. छापखाना बंद पडल्यावर त्यांनी हिंमत करून एक संगणक घेतला आणि लग्नपत्रिका जुळवायला बसले. बायको गेलेली, मुलगा सुरतेला. दोन बोटांनी टंकायचे आणि र्‍हस्व-दीर्घाच्या चुका काढायला आम्हाला वरून हाक मारायचे. "बेटा, आशीर्वादातला शी पहिला का दुसरा?" आम्ही त्यांची मुद्रितं तपासायचो आणि ते दुपारी दोन ते चार संगणक आम्हाला द्यायचे. त्या वेळात धुळ्यात कुणी पत्रिका छापायला येत नाही.

तिथेच आमच्या नोट्स तयार झाल्या. मी गावाकडे असताना मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली, त्यामुळे टंकायचं काम माझं. शैला हातात वही घेऊन दुकानात येरझारा घालत सांगायची. माझ्या बोटांना एक खोड होती. कानावर पडेल ते जसंच्या तसं उतरायचं, मध्ये मी नसायचेच. शैलाच्या ते लक्षात आलं आणि तिला खेळ मिळाला. त्याच सुरात, त्याच गंभीर चेहऱ्याने ती सांगायची, "मृदेची धूप मुख्यतः तीन प्रकारे होते. चादरी धूप, घळी धूप आणि वनीच्या चहातली साखर." वनी म्हणजे मी, आणि मी ते टंकून मोकळी. पान वाचून दाखवताना दोघी हसून लोटपोट. नाना चष्म्यावरून पाहायचे आणि म्हणायचे, "असंच राहू द्या. परीक्षक बी हसेल बिचारा."

आम्ही ते खरंच तसंच राहू दिलं. दीड वर्षात दोन फ्लॉप्या भरल्या. पहिलीवर भूरूपं, हवामान, मृदा. दुसरीवर भारतातल्या नद्या, महाराष्ट्राची रचना, आणि शैलाचा जीव की प्राण असलेलं तापीचं खोरं.

मग शहाण्णवच्या वैशाखात शैलाचं लग्न झालं. चोपड्याला. केळीची बागाईत, घर मोठं, नवरा शांत. लग्न ठरलं तेव्हा ती दोन दिवस गप्प होती, तिसऱ्या दिवशी बोलायला लागली. जाताना छत्री मला ठेवून गेली. "परीक्षा?" मी विचारलं होतं. "बघू गं," ती म्हणाली. तिच्या वडिलांनी लग्नाच्या आवराआवरीत तिच्या वह्या रद्दीत घातल्या. आता कशाला लागतात, म्हणाले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की आता लागत नाहीत.

पावसाळा कसा गेला मला आठवत नाही. एका माणसाचा स्वयंपाक करायला शिकले एवढंच आठवतं. पहिल्या महिन्यात रोज भाकरी उरायची. आरशासमोर उभं राहिलं की सवयीने एका बाजूला सरकायचे. कधीकधी दुपारी खाली जाऊन संगणक लावायचे आणि अभ्यास म्हणून नोट्स उघडायचे, पण वाचायचे मात्र मधली मधली वाक्यं. "वने, पंखा वाढव." "इथे स्वल्पविराम दे. नको, राहू दे." "थांब, ही माशी बसू देत नाही." डोंगर, दऱ्या, वारे यांच्यामध्ये शैला अशी सापडायची, आणि मग एवढ्या मोठ्या पांझरेकाठच्या गावात आपण एकटे नाही असं वाटायचं.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले. परत आले तेव्हा नाना दुकानाच्या पायरीवर बसले होते. माझी पिशवी घ्यायला उठले नाहीत. एरवी उठायचे.

"बेटा, एक गोष्ट झाली," ते म्हणाले.

संगणकाला व्हायरस लागला होता. ऐन लग्नसराईच्या तोंडावर. जळगावहून माणूस बोलावला. त्याने सगळं पुसून काढलं आणि नव्याने भरलं. "पण तुमचं मी त्याला आधीच सांगितलं होतं," नाना घाईघाईने म्हणाले. "मशीनमधलं जाऊ दे, तुमच्या फ्लॉप्या शेतस ना. त्या मी कपाटात ठेवल्या."

आम्ही पहिली फ्लॉपी घातली. यादी दिसली, नावं दिसली, माझा जीव भांड्यात पडला. मृदेचं प्रकरण उघडलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी. डी, के, मध्येच अर्धविराम, मग कंस, मग कुठल्या तरी परक्या देशातली टोपी घातलेली अक्षरं. ओळींमागून ओळी. एक शब्द वाचता येईना.

मराठीचं जे जुनं सॉफ्टवेअर होतं ते पुसलं गेलं होतं. त्याची मूळ डिस्क नानांच्या कपाटात दोन पावसाळे काढून बुरशीने गेली होती. त्या माणसाने दुसऱ्या कंपनीचं मराठी बसवून दिलं. नव्या पत्रिका त्यात सुरेख व्हायच्या. जुनं मात्र त्याला वाचता येत नव्हतं.

दुसरी फ्लॉपी घातली. संगणकाने कर्रकर्र आवाज केला, थांबला, पुन्हा केला. काही उघडलंच नाही. काढली, पुसली, पुन्हा घातली. नानांनी ती उन्हात धरली, जणू पापड. काही उपयोग झाला नाही.

परीक्षेला पाच आठवडे होते.

मी जळगावला त्या माणसाच्या दुकानात जाऊन आले. तो वाईट नव्हता. म्हणाला, "ताई, ते जुनं आता कुणी ठेवत नाही. दुसरी फ्लॉपी तर गेलीच." आणि मग विचारलं, "दुसरीकडे कॉपी नव्हती ठेवली?" मी नाही म्हणून मान हलवली. दोन माणसांनी मिळून केलेल्या कामाची प्रत ठेवावी लागते, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. एकीला नाही तर दुसरीला आठवेलच, असं काहीतरी आम्ही गृहीत धरलं होतं.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले होते. बाहेर त्या पांढऱ्या बाभळी. मला पुस्तकांवरून पुन्हा अभ्यास करता आला असता, हे मला कळत होतं. पुस्तकं ग्रंथालयात होतीच. पण रडू येत होतं ते पुस्तकातल्या मजकुरासाठी नव्हतं. पंखा वाढव म्हणणारं माणूस त्या फ्लॉपीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नानांनी मला खाली बोलावलं. पडद्यावर तीच खिचडी होती. "मी सकाळपासून बघतोय," ते म्हणाले. "बेटा, आम्ही आयुष्यभर उलटी अक्षरं वाचली. खिळा उलटाच असतो. आरशात धरल्यासारखा. पहिला महिना डोकं फिरतं, मग सवय होते. एक सांग, तू 'क' कोणत्या बोटाने टंकते?"

"डावं मधलं."

"त्या बटणावर इंग्रजी काय लिहिलंय?"

मी खाली पाहिलं. "डी."

"मग हे जे डी दिसतंय, ते 'क' शे. काय दिसतं ते नको पाहू. बोट कुठे पडलं होतं ते पाहा."

मी पडद्यावरची पहिली ओळ पाहिली आणि नव्या मराठीत, दिसेल ते बटण दाबत गेले. हळूहळू, एकेक. आणि शेजारच्या कोऱ्या पानावर मराठी उमटायला लागलं. "मृदा... म्हणजे... भू... पृष्ठा..." जोडाक्षरांशी अडायचं. टोपीवाल्या अक्षरांचा अंदाज करावा लागायचा. पण माझी बोटं एकदा त्या वाटेने गेलेली होती. नाना मागे उभे राहून प्रत्येक शब्दाला "हां, हां" करत होते, एखाद्या पोराला चालायला शिकवावं तसे.

पुढचे तीन आठवडे मी रोज दुपारी तेच केलं. डोळे दुखायचे, मान धरायची. सगळं टंकण्याची गरज नव्हती, हे खरं म्हणजे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण पुढच्या ओळीत काय असेल हे माहीत नसायचं. 'घळी धूप' आली, 'बांधबंदिस्ती' आली, मग एक ओळ अशी होती की तिचा पहिला शब्द लागेना. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा उमटलं: "वने, ऊठ, तुझी पाठ मोडली असेल, उरलेलं उद्या." मी खरंच उठले. दुकानाच्या मागच्या बाजूला गेले आणि मोरीत तोंड धुतलं.

पहिली फ्लॉपी अशी वाचवली. दुसरीचं काय, हे विचारायला एकच जागा होती.

चोपड्याला जायला धुळ्याहून अमळनेरवरून गाडी. तापी ओलांडली की हवा बदलते, केळीचा ओलसर वास येतो. मी पत्र न टाकता गेले. दार शैलाच्या सासूबाईंनी उघडलं. ठेंगणी, काटक बाई, कपाळावर आडवं गोंदण. ओसरीवर भुईमुगाच्या शेंगांचा ढीग, आणि त्यापलीकडे डोक्यावर पदर घेतलेली शैला. मला पाहून ती उठली आणि जागीच उभी राहिली. हात मात्र हलले नाहीत. ते मला पहिल्यांदा खटकलं.

सासूबाईंनी बसायला चटई दिली. पाणी दिलं. मग विचारलं, "आडनाव काय शे तुनं?"

"मोरे."

"कोनता मोरे?"

हा दुसरा प्रश्न येतोच. "आम्ही बौद्ध," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या. त्या 'बरं'ची लांबी आम्हाला जन्मापासून मोजता येते. शैलाने माझ्याकडे पाहिलं, मग शेंगांकडे. चहा आला. सगळ्यांना एकसारख्याच कपांत आला हे मी पाहिलं. पाहिलं याची लाजही वाटली.

मी शैलाला सगळं सांगितलं. व्हायरस, खिचडी, नानांचं उलटं वाचन, आणि दुसरी फ्लॉपी. "तुझ्याकडे काही आहे का? एखादी वही, सुटे कागद?"

"काही नाही," ती म्हणाली. बराच वेळ शेंगा फोडत राहिली. मग तोच जुना आवाज आला, थोडा खालच्या पट्टीत. "लिहून घेतेस?"

आणि तिने सुरुवात केली. "तापी. उगम मुलताईजवळ. द्वीपकल्पावरच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहतात. नर्मदा आणि तापी मात्र पश्चिमेकडे." हातात शेंग, नजर समोरच्या भिंतीवर. मी वही काढून लिहायला लागले. ती थांबत नव्हती. खचदरी, सातपुड्याचा गट पर्वत, गाळाची मैदानं, पूर्णा, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर, एकेका उपनदीचं उगमस्थान, कुठल्या काठाने येऊन मिळते ते. दोन तास. मध्ये सासूबाई उठून गेल्या, परत आल्या, बसल्या. आम्हाला हटकलं नाही.

मग त्याच एकदम म्हणाल्या, "बठ्ठ्या नद्या तिकडे जातस, मंग आपली तापीच इकडे काबर जास?"

शैलाने दोन शेंगा जमिनीवर समांतर ठेवल्या. "हा सातपुडा. हे इकडचे डोंगर. मधली जमीन खाली खचली, आई. मोठा चर पडला. त्या चराचा उतार पश्चिमेला. पाणी उताराने जातं."

सासूबाईंनी त्या दोन शेंगांकडे बराच वेळ पाहिलं. "मनं माहेर तापीना त्या अंगे शे," त्या मला म्हणाल्या. "पूल नव्हता तवय. नावमा बसीसन जाऊत. पूर उना का चार महिने माहेर नही." मग शैलाकडे वळून म्हणाल्या, "सांग, सांग. पुढे सांग."

चार वाजले तेव्हा माझी वही भरत आली होती. "लिखाई गयं का बठ्ठं?" सासूबाईंनी विचारलं. मी हो म्हणाले. "आज राही जाय. सकाय जाजो."

"उद्या तास आहेत," मी म्हणाले. तास होते हे खरं. पण मला ती वही घेऊन लवकर घरी पोचायचं होतं, हे जास्त खरं. शैला दारापर्यंत आली. "सगळं मिळालं ना?" तिने विचारलं. "सगळं," मी म्हणाले आणि तिचा हात दाबला.

त्या दुपारी मी तिला एकदाही विचारलं नाही की तू फॉर्म भरलास का. सहा महिन्यांपूर्वी सुटलेला अभ्यास असा ओठांवर राहत नाही. न अडखळता दोन तास सांगणारं माणूस रोज कुठेतरी, कधीतरी, मनातल्या मनात उजळणी करत असलं पाहिजे. मी स्वतः मास्तरीण. माझ्या हे लक्षात यायला हवं होतं. मी नोट्स आणायला गेले होते, नोट्स घेऊन आले.

परीक्षेचं केंद्र जळगावला होतं. डिसेंबरातली सकाळ, बोटं गारठलेली, कॉलेजच्या फाटकाशी मुलांची गर्दी. फळ्यावर खोल्यांप्रमाणे याद्या लावल्या होत्या. मी माझं नाव शोधत होते आणि माझ्या नावाच्या वरच्या ओळींवरून नजर जाताना थांबले. महाजन शैला. तिने माहेरच्या नावाने फॉर्म भरला होता, प्रमाणपत्रांवर तेच असणार. माझी आणि तिची खोली एकच. तिचा बाक माझ्यापुढे चौथा.

मी धावत खोलीत गेले. बाक रिकामा होता. त्यावर खडूने तिचा नंबर. खोली तळमजल्यावर, खिडक्या रस्त्याच्या बाजूच्या. घंटा झाली, उत्तरपत्रिका आल्या. अर्धा तास उशिरापर्यंत आत घेतात हे मला माहीत होतं, म्हणून अर्धा तास मी दर ओळीला दाराकडे पाहिलं. मग पर्यवेक्षक बाई तिच्या बाकाशी आल्या, नंबर वाचला आणि हातातल्या कागदावर लाल पेनाने खूण केली. त्यानंतर मी मान खाली घातली आणि वर केली नाही.

दोन्ही पेपरांत तापीवर एकही प्रश्न आला नाही. नद्यांवरच आला नाही. जे आलं ते पहिल्या फ्लॉपीवरचं होतं, आणि थोडं कुठेच नसलेलं.

मी पास झाले. थोडक्यात, पण झाले. पुढच्या वर्षी एका तालुक्याच्या गावी कायम लागले. आबा निकालाच्या दिवशी शाळेतून लवकर घरी आले आणि कपडे न बदलता ओसरीवर बसून राहिले, येणाऱ्याजाणाऱ्याने विचारावं म्हणून. नानांना पेढे द्यायला गेले तर त्यांनी अर्धा पेढा तोडून संगणकावर ठेवला. काही वर्षांनी मुलाने त्यांना सुरतेला नेलं. ते तिकडेच वारले.

शैलाच्या तोंडचं जे मी लिहून आणलं होतं ते सगळं टंकलं, पहिल्या भागाशी जोडलं, आणि या वेळी प्रती काढल्या. एक माझ्याकडे, एक आबांच्या पत्र्याच्या पेटीत, एक रजिस्टर पोस्टाने चोपड्याला. तिचं कार्ड आलं. "मिळालं. पास झालीस, आनंद झाला. आई आठवण काढतात." एवढंच. त्याच्यानंतर आम्ही भेटत राहिलो, लग्नाकार्यांत, बाजारात, कधी तिच्या घरी. मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर तिने बी. एड. केलं आणि जवळच्या गावच्या हायस्कुलात भूगोल शिकवायला लागली. तिच्या वर्गातली मुलं नकाशा काढताना हसतात म्हणे. ती परीक्षा मात्र तिने पुन्हा दिली नाही, आणि त्या रिकाम्या बाकाविषयी मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर "तू तरी कुठे विचारलंस," असं ती म्हणाली असती, आणि ते खरं होतं. आम्ही दोघी एका गोष्टीच्या दोन बाजूंना बसून इतर सगळ्या गोष्टी बोलायचो. माणूस समोर असतानाही एकटं वाटू शकतं, हे मी त्या वर्षांत शिकले.

चार वर्षांपूर्वी तिच्या सासूबाई वारल्या. मी भेटायला गेले. तेच घर, आता स्लॅबचं. दुपारी माणसं पांगली, आम्ही दोघीच स्वयंपाकघरात राहिलो. शैलाचे केस पिकलेले, माझेही. ती सासूबाईंबद्दल बोलत होती. म्हातारीने कसं तिला शिकू दिलं, बी. एड.च्या वेळी मुलीला कसं सांभाळलं.

"त्या परीक्षेलाही त्यांनीच पाठवलं होतं," ती सहज म्हणाली.

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "कुठल्या परीक्षेला?"

"आपल्या. तू वही घेऊन गेलीस ना, त्या संध्याकाळी म्हणाल्या, तिला जे येस ते बठ्ठं तुले येस, मंग तू काबर नही जास? फॉर्म भरलाय हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं. त्यांनी सकाळी भाकरी बांधून दिली."

"मग आली का नाहीस?"

एवढ्या वर्षांनी ते तोंडातून निघालं, आणि निघालं ते भांडल्यासारखं.

"आले होते," शैला म्हणाली. "गाडी वाटेत पंक्चर झाली. पोचले तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता, फाटक लावलेलं. मी रस्त्याने कंपाउंडच्या कडेकडेने गेले. खिडकीतून दिसलीस तू. मान खाली घालून लिहीत होतीस, भरभर. बराच वेळ उभी होते मी तिथे."

"थांबायचं ना गं. मधल्या सुट्टीत बाहेर आले असते मी."

"म्हणूनच गेले," ती म्हणाली. तिने माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि ओट्यावर ठेवलं. "दुपारी दुसरा पेपर होता ना तुझा. रडत कसा लिहिला असतास?"